माझा अनुभव: आहारशास्त्र शिकायला निघाले आणि नावात अडकले

सासूबाईंना शुगर निघाली तेव्हा मिळालेल्या डाएट चार्टमध्ये ओट्स होते, किन्वा होता. ज्वारीची भाकरी कुठेच नव्हती. सत्तर वर्षं भाकरीवर जगलेल्या बाईने करायचं काय? तेव्हाच मनात घेतलं, आपण आहारशास्त्र शिकायचं. नुसत्या कॅलरी मोजायच्या नाहीत. माणसाची झोप, काम, उपासतापास आणि घरातलं ताट सगळं धरून बघायचं. बी.एस्सी. होऊन वीस वर्षं झाली होती, तरी पदव्युत्तर पदविकेला ती चालत होती. फॉर्म भरला, फीचीही सोय झाली. गाडी अडली ती कागदपत्रांच्या खिडकीवर.

मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदलतात. २००५ साली यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर ताटाच्या काठाशी दाटीने बसलेलं मला अजून दिसतं. तेव्हा फार गोड वाटलं होतं. खिडकीवरच्या भाऊंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, ह्या दोन बायका झाल्या की ओ! विवाह नोंदणीचा दाखला आणा."

आमची नोंदणीच झाली नव्हती. हॉल, पत्रिका, फोटो सगळं झालं, दाखला कुणाला सुचला नाही.

मग सुरू झाल्या विवाह नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या. पहिल्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी कळलं, तीन साक्षीदार लागतात. इचलकरंजीहून दीर आले, गारगोटीहून नणंद आल्या, शेजारचे काका आले. सगळे बाकावर बसल्यावर टेबलावरून प्रश्न आला, "भटजींची सही कुठाय?" आमचे भटजी वारून चार वर्षं झाली होती. "मग बघावं लागेल," एवढंच उत्तर. नणंदबाई हातातलं काम टाकून आल्या होत्या, त्या तशाच परतल्या. भटजी हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र चालेल, हे त्याच टेबलावर आठवड्याने सांगितलं. पहिल्याच दिवशी एका कागदावर यादी लिहून दिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? आजही त्या रस्त्याने केएमटी, म्हणजे आमची कोल्हापूरची सिटी बस, गेली की माझं डोकं तापतं.

दाखला मिळाला, पण पहिलं नावच वेगळं म्हणून कॉलेजने राजपत्रही, म्हणजे नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट, मागितलं. तिथे चूक माझी झाली. जुनं नाव मी आधारच्या पद्धतीने लिहिलं, आधी नाव आणि मग आडनाव. मार्कशीटवर आडनाव पहिलं, शिवाय वडिलांच्या नावात एक ए जास्त. पुन्हा अर्ज करावा लागला आणि त्यात प्रवेशाची तारीख उलटली. एक वर्ष गेलं. म्हणून सांगते, जुनं नाव मार्कशीट समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवून काढा. मुलीचं किंवा सुनेचं लग्न झालं असेल तर नोंदणी याच महिन्यात उरका, भटजी आणि साक्षीदार हाताशी आहेत तोवर.

शिक्षणात खंड पडल्याचं गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं, त्याच चकरेत करून घ्या.

पुढच्या वर्षी प्रवेश झाला. पहिल्या हजेरीला माहेरचं नाव पुकारलं आणि घशात आवंढाच आला. अभ्यास जड गेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे २०१७चे तक्ते हातात आले, तेव्हा सगळ्यात आधी ज्वारी काढली: १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिनं. घरी काटा आणला. सासूबाईंची भाकरी थापायच्या आधी पीठ मोजते. भाकरी मोजून उपयोग नाही, त्यात पाण्याचं वजन येतं. आता त्यांच्या ताटात एक भाकरी, वाटीभर उसळ आणि मुठीएवढी पालेभाजी असते. डॉक्टरांना दाखवूनच ठरवलं आहे.

आणि एक राहिलंच. घरबसल्या करू म्हणून दूरशिक्षणाची जाहिरात दिसली तर आधी चौकशी करा. अन्न व पोषणशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मनाई केली आहे. माझ्या मैत्रिणीने पैसे भरायच्या बेतात असताना मला फोन केला म्हणून ती वाचली.