तांडेलांचं बोट

मुरूडच्या समुद्रात दोन किल्ले. जंजिऱ्याला पर्यटकांनी भरलेल्या होड्या जातात. दुसरा पद्मदुर्ग, गावात नाव कासा. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी बांधलेला. 2025 साली मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, कासा नाही. म्हणून पडझडीची नोंद करायचं काम आलं तेव्हा पैशांचं न विचारताच हो म्हणालो. (विचारायला हवं होतं.)

डिसेंबरातली सकाळ. उतरवतानाच तांडेलांनी बजावलं, "दादा, दोनच तास हां. पाणी सुकायला लागलं की होडी खडकावर बसेल, मग संध्याकाळपर्यंत इथंच."

कमळाच्या आकाराचा बुरूज पाच मिनिटांत उरकला. तो सगळ्यांकडे असतो. मला हवा होता तट. तिथे उलटाच प्रकार आहे, दगड झिजलाय आणि चुना उभा आहे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, आत मिठाचे कण वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटत जातात. साडेतीनशे वर्षं हेच चाललंय. सांध्यांतला चुना मधाच्या पोळ्यासारखा बाहेर राहिलाय, आणि त्याच्या चौकटींत दगड वाटीसारखा खोल गेलाय. समोरून ऊन असेल तर फोटोत ही नुसती काळी भिंत दिसते. ऊन तटाला घासून जायला हवं, चुन्याच्या काठाची सावली वाटीत पडायला हवी, तेव्हा कुठे खोली कळते. असं ऊन मिळतं जेमतेम पाऊण तास.

त्यातली पंधरा मिनिटं लेन्सवरचा खारा थर पुसण्यात गेली. मग शेवाळावरून पाय घसरला. कॅमेरा वाचला, पण मोजपट्टी गेली पाण्यात. पट्टी नसलेला फोटो आमच्या कामात शून्य. ती वाटी अंगठ्याएवढी की घमेल्याएवढी, बघणाऱ्याला कळणार कसं?

तांडेल होडीतून बघत होते. गुडघाभर पाण्यातून आले आणि काही न बोलता मधलं बोट एका वाटीत घातलं. पहिलं पेर, दुसरं पेर. मुळाशी घातलेली तांब्याची अंगठी चुन्याच्या काठाला टेकली तेव्हा बोट तळाला लागलं.

"असंच धरा," मी म्हणालो.

"धरतो. पण पाणी कुणी धरायचं?"

चौदा फोटो मिळाले. परतताना होडीचा तळ दोनदा खडकाला घासला आणि दोन्ही वेळा तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. धक्क्याजवळच्या दुकानातून शाळकरी पट्टी घेतली आणि त्यांचं बोट मोजलं.

आठवड्याने काम देणाऱ्यांचा निरोप आला: फोटो छान, तेवढा हात कॉम्प्युटरवर पुसता येईल का?

हात ठेवला. खाली टीप टाकली: मधलं बोट, अंगठीपर्यंत, 8 सेंटीमीटर.