त्या पदवी घेऊन निघून जातात

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. विद्यापीठात बलात्काराविरुद्ध मुली उभ्या राहतात, रात्री मोर्चे काढतात, कुलगुरूंच्या दारात ठाण मांडून बसतात. मग परीक्षा येते, पदवी मिळते आणि त्या निघून जातात. संस्था तिथेच असते. तिला नुसतं थांबता आलं तरी पुरतं.

'अलेक्झांडर विरुद्ध येल' खटल्याबद्दल वाचत होते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या काही विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. शिक्षकांकडून लैंगिक छळ होतो आणि दाद मागायला जागा नाही, म्हणजे आमचं शिक्षणच नाकारलं जातंय, असं त्यांचं म्हणणं. असा छळ हा लिंगभेदच ठरू शकतो, हे खालच्या कोर्टाने तत्त्वतः मानलं. पण १९८० मध्ये वरच्या कोर्टात अपील फेटाळलं गेलं, आणि त्याचं एक मोठं कारण काय, तर बहुतेक जणी तोवर पदवीधर झाल्या होत्या! हे वाचून अंगाची लाही झाली. न्यायाला उशीर झाला म्हणून तक्रारच शिळी?

तरी त्या हरल्या असं मी म्हणणार नाही. दरम्यान येलमध्ये तक्रारीची रीतसर व्यवस्था झाली होती, आणि ती त्यांच्यानंतर आलेल्या मुलींना मिळाली.

अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठात १९९० मध्ये मुलींनी ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात भिंतीवर अत्याचार करणाऱ्यांची नावं लिहिली. कर्मचारी पुसत, मुली पुन्हा लिहीत. चौकशीशिवाय नावं जाहीर करणं मला आजही खटकतं. पण ज्या मुलीचं कार्यालयात कुणी ऐकून घेत नाही, तिने सांगायचं कुठे? भिंत पुसायला जी तत्परता दाखवली, ती तक्रार ऐकायला का नव्हती?

तिथल्याच अँटिऑक कॉलेजच्या मुलींनी मात्र नियमच लिहून घेतला: जवळिकीच्या प्रत्येक टप्प्यावर स्पष्ट होकार हवा. १९९३ मध्ये टीव्हीवर त्याची टर उडवली गेली. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने विद्यापीठांसाठी स्पष्ट होकाराचा कायदा केला. तोवर त्या मुली चाळिशीच्या आसपास पोचल्या असतील. त्यांना ती बातमी कळली तेव्हा काय वाटलं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

आपल्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर चौकशी करणाऱ्या समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण संस्थेचं नाव जपण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्याच हातात चौकशी गेली की तक्रार दबते.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलींना मला सांगावंसं वाटतं: घोषणांइतकाच जोर त्या तीन जागांच्या निवडणुकीवर द्या. जाण्याआधी पहिल्या वर्षाच्या मुलींना सोबत घेऊन बसा. तक्रार कुणाकडे द्यायची, पोच कशी मागायची, ९० दिवस उलटले तर कुणाला लेखी विचारायचं, हे सगळं त्यांना दाखवून द्या.