तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवलेल्या मटणात ताकद जास्त असते का?

बकरी ईद होऊन गेली की पुढचे काही आठवडे माझ्याकडे येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: वाळवलेल्या मटणात ताज्या मटणापेक्षा ताकद जास्त असते, हे खरे का? कधी तो बाळंतिणीची सासू विचारते, कधी अंगात रक्त कमी असलेल्या मुलीची आई, तर कधी रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे घेणारे आणि जेवणातला हा एक पदार्थ तरी सुटू नये अशी इच्छा असणारे एखादे वयस्कर गृहस्थ. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि कुर्बानीच्या मटणातून घरच्यांचा, नातेवाइकांचा आणि गोरगरिबांचा असे तीन वाटे झाल्यावर घरच्या वाट्यातले काही मटण मीठ-हळद लावून वाळवायचे, ही आमच्या घराची रीत आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दवाखान्यातही भेटतो आणि स्वयंपाकघरातही. पाच मिनिटांत त्याचे उत्तर देताना काहीतरी महत्त्वाचे राहूनच जाते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

थोडक्यात सांगायचे तर वाळवल्याने ताकद वाढत नाही, ती दाटते. बोकडाच्या चरबी काढलेल्या ताज्या मटणात वजनाच्या सुमारे पाऊण भाग पाणी असते. 100 ग्रॅम कच्च्या मटणात साधारण 20 ग्रॅम प्रथिने, अडीच ते तीन मिलिग्रॅम लोह, सुमारे 4 मिलिग्रॅम जस्त आणि 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास ब-12 जीवनसत्त्व मिळते. एक किलो बोनलेस मटण मीठ लावून नीट वाळवले की त्याचे साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपास उरते, म्हणजे 30 ग्रॅम सुके मटण हे 85 ग्रॅम ताज्या मटणाच्या बरोबरीचे असते. त्यात 17 ग्रॅम प्रथिने आणि सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम लोह असते, आणि ताज्या 85 ग्रॅममध्येही तेवढेच होते. शंभर ग्रॅम सुक्याची शंभर ग्रॅम ताज्याशी तुलना केली की सुके तिप्पट पौष्टिक वाटते, आणि ‘ताकद जास्त’ हा समज तेथूनच आला असावा. पण ताटात आपण सुके मटण तिप्पट घेत नाही, आणि घेऊही नये. त्याचे कारण मीठ.

मिठाचा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवते, कारण तोंडी सांगितलेला तो कोणाला पटत नाही. किलोभर मटणाला आपण मूठभर, म्हणजे साधारण 50 ग्रॅम मीठ चोळतो असे धरू. वाळताना पाणी उडून जाते, मीठ जात नाही. सुटलेल्या पाण्याबरोबर थोडे निथळले, तरी बाकीचे त्या साडेतीनशे ग्रॅममध्येच राहते. म्हणजे 30 ग्रॅमच्या चार-पाच लहान तुकड्यांत चार ग्रॅमपर्यंत मीठ असू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची जी मर्यादा सांगितली आहे ती 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. याचा अर्थ सुके मटण खाऊ नये असा नाही. मीठ काढल्याशिवाय ते शिजवू नये आणि ज्या जेवणात ते असेल त्यात लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणे नसावेत, असा आहे. आपल्याकडची ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत मिठाशिवाय होते, ही अशा वेळी फार मोलाची गोष्ट ठरते; या मटणाशी पाव किंवा बाजारातले नान खाणाऱ्याला ती सवलत मिळत नाही.

मीठ काढण्याची रीत सोपी आहे. तुकडे आधी वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावेत, मग भरपूर कोमट पाण्यात तासभर भिजत ठेवावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. हे पाणी रश्श्यात वापरणारी घरे मी पाहिली आहेत, कारण ‘सत्त्व त्यातच उतरते’ असे सांगितले जाते. पाण्यात विरघळणारी काही ब-जीवनसत्त्वे आणि थोडे पोटॅशियम त्यात उतरते हे खरे आहे, पण ज्या मापाने मीठ उतरते ते पाहता हा तोटा मी आनंदाने सोसते. प्रथिने, लोह आणि जस्त बहुतांशी मांसातच राहतात. भिजवल्यावरही एखादा तुकडा चाखून (शिजवून चाखावा, कच्चा नव्हे) खारट लागला तर पहिल्या उकळीचे पाणीही ओतून टाकावे.

आता शिजवण्याविषयी, कारण खरा आनंद तेथे आहे. वाळलेले मांस भिजले तरी पूर्वीइतके पाणी पुन्हा शोषून घेत नाही; त्यातली प्रथिने एकदा आवळली की पूर्ण सैल होत नाहीत, म्हणून ते ताज्यासारखे लुसलुशीत होईल अशी अपेक्षा धरू नये. त्याची चव चावण्यातच आहे. मात्र चिवटपणा कमी करता येतो. वाळवताना पट्ट्या रेषांच्या दिशेने, लांब कापलेल्या असतात, म्हणजे दोरीवर टांगल्या तरी तुटत नाहीत. शिजवताना त्याच पट्ट्या रेषांना आडव्या, बोटाच्या पेराएवढ्या कापाव्यात, म्हणजे प्रत्येक घासात धागे आखूड येतात. मग आले-लसूण, हळद आणि पाणी घालून, मीठ अजिबात न घालता, कुकरची एक शिटी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. मांसातले स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे ओल्या उष्णतेतच विरघळतात, कोरड्या तव्यावर नव्हे.

आमच्याकडे या मटणाचा सर्वात चांगला उपयोग दालच्यात होतो. हरभऱ्याची डाळ वेगळी मऊ शिजवून घोटायची, त्यात दुधीच्या फोडी, शिजलेले सुके मटण आणि त्याचा पाणीदार रस घालायचा, चिंचेचा कोळ घालून उकळू द्यायचे आणि वरून कांदा, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी द्यायची. चार माणसांना शंभर-सव्वाशे ग्रॅम सुके मटण पुरते, कारण ते येथे मुख्य पदार्थ नसते; ते डाळीला चव देते आणि स्वतः डाळीत उतरते. आहाराच्या दृष्टीने ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. डाळीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही, पण त्याच जेवणात थोडे मांस असेल तर डाळीतल्या लोहाचे शोषणही सुधारते. शिवाय मांसातले स्वतःचे लोह शरीराला अधिक सुलभ असते. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते, त्यामुळे सुक्या मटणाच्या चार तुकड्यांनी रक्त भरून येईल असे मी कोणालाही सांगत नाही. डाळ, पालेभाजी, भाकरी आणि त्यात हे थोडे मटण, वर लिंबू, असे जेवण आठवड्यातून एकदा झाले तर त्याचा हातभार लागतो, आणि ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या चालूच ठेवायच्या आहेत.

अंबाडीची भाजी आणि सुके मटण ही दुसरी जोडी. अंबाडीच्या आंबटपणामुळे जिभेला मीठ कमी असल्याचे जाणवत नाही, म्हणून रक्तदाब असलेल्या माणसाला मी दालच्याआधी अंबाडी सुचवते. चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा, म्हणजे चिगुराचा उपयोगही असाच होतो, फक्त तो हंगामात मिळाला पाहिजे. शिजलेले तुकडे वरवंट्याने चेचून, कांद्यावर परतून, काळे तिखट घालून केलेला सुका प्रकार भाकरीबरोबर उत्तम लागतो, पण तो वाटीभर खाल्ला जातो, आणि वाटीभर सुके मटण हे एका माणसाचे माप नाही.

मांस वाळवण्याचे हे तंत्र काही एकट्या आमच्या समाजाचे नाही. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्यांनी कित्येक पिढ्यांना टंचाईच्या दिवसांत तारले. त्या प्रामुख्याने मोठ्या जनावराच्या मांसाच्या असत, पण मीठ, ऊन आणि वारा हीच त्यांचीही साधने होती. या अन्नाकडे ज्या तुच्छतेने पाहिले गेले तिचा मला आजही राग येतो, कारण फ्रीज नसलेल्या घरात प्रथिने महिनोन्महिने टिकवण्याची ही विद्या होती. तामिळनाडूत बोकडाच्या मटणाचे उप्पु कंडम हळद-मिरची लावून, माळेत ओवून वाळवतात आणि तेलात तळून खातात. इटलीच्या उत्तरेला व्हॅल्कियाव्हेन्ना या डोंगराळ खोऱ्यात शेळीची अख्खी तंगडी मीठ आणि मसाले लावून नैसर्गिक थंड गुहांमध्ये मुरवतात. कापताना ती खांद्याशी धरतात म्हणून तिला व्हायोलिन म्हणतात, आणि तिच्या पातळ चकत्या न शिजवताच खातात. तेथे थंड हवा आणि काही महिन्यांचा काळ जे काम करतो ते आपल्याकडे होऊ शकत नाही, म्हणून ते पाहून घरी अख्खी तंगडी टांगण्याचा विचार कोणी करू नये.

शेळी-बोकडाचे मांस वाळवण्यास अनुकूल आहे, कारण त्याची चरबी बरीचशी पोटात आणि गुर्द्याभोवती असते, मांसाच्या धाग्यांत कमी असते. उरलेली पांढरी चरबीही काढून टाकावी, कारण मिठाने ती टिकत नाही, ती खवट होते. हाडाचे तुकडे वाळवू नयेत. पट्टी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा फार जाड नसावी. जाड पट्टी कडक उन्हात वरून टणक होते, आतला ओलावा कोंडला जातो आणि ती आतून नासते.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. ‘नंतर शिजवायचेच आहे, मग काय बिघडते’ असे पुष्कळजण म्हणतात, पण हे अर्धेच खरे आहे. मिठाला सर्वात चांगले तोंड देणारा एक जंतू, स्टॅफिलोकॉकस, आपल्या हातांवर आणि नाकातच असतो. मांस अर्धवट ओले आणि कोमट राहिले की तो वाढतो आणि विष तयार करतो. नंतरच्या उकळीने जंतू मरतो, पण ते विष तसेच राहते. धोका असतो तो पहिल्या एक-दोन दिवसांत, मांस पुरेसे कोरडे होण्याआधी. म्हणून पट्ट्या आधी मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात आतपर्यंत रंग बदलेस्तोवर शिजवून, निथळून मग वाळवाव्यात, असे मी सर्वांना सांगते. मांसाचा आतला भाग 71 अंश सेल्सियसपर्यंत तापला की बहुतेक जंतू तेथेच संपतात, आणि काही मीठही पाण्यात जाते. चवीत थोडा फरक पडतो हे मान्य आहे, तरीही माझा आग्रह कायम आहे.

ऋतूचाही विचार करायला हवा. बकरी ईद दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2018 साली ती ऑगस्टमध्ये होती, 2025 साली 7 जूनला आली, आणि पुढची काही वर्षे ती मे महिन्यात येईल. सोलापूरच्या मे महिन्यातले ऊन आणि कोरडा वारा यांत पट्टी लवकर वाळते, पण जून ते ऑगस्टच्या दमट हवेत ती दिवसेंदिवस ओलसर राहते. आभाळ भरून आलेले असेल तर मटण फ्रीझरमध्ये ठेवावे आणि वाळवण्याचा हट्ट सोडावा. ऊन असतानाही मलमलीचे कापड वर हवेच, कारण माशी बसलेले मटण धुऊन निर्मळ होत नाही. संध्याकाळी ते आत घ्यावे. दोरीवरच्या अर्धवट सुकलेल्या पट्ट्या तोडून चघळण्याची मुलांना फार हौस असते, ती मोडावी लागते. गर्भवती स्त्रीने तर न शिजलेले सुके मटण तोंडातही घालू नये, कारण शेळीच्या मांसातून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी नुसत्या मिठाने नक्की मरेल असे सांगता येत नाही, नीट शिजवल्याने मरतो.

कर्करोगाविषयीही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली, आणि मीठ लावून टिकवलेले मांसही त्या व्याख्येत बसते. रोज 50 ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असे तिचे अनुमान आहे. ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रंग आणि टिकाऊपणासाठी घरी अंदाजाने सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट हा क्षार, घालण्याची काही गरज नाही. ज्यांची मूत्रपिंडे कमकुवत आहेत, ज्यांचा रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात नाही आणि ज्यांना युरिक अॅसिडचा त्रास आहे, त्यांना मी हे मटण बंद करायला सांगते. इतरांनी आठवड्यातून एकदा, माणशी 30 ग्रॅमपर्यंत खावे.

पट्टी वाकवल्यावर तडकली पण तिचे दोन तुकडे झाले नाहीत, आणि तडकलेल्या जागी दाबल्यावर ओल दिसली नाही, की ती वाळली असे समजावे. मग काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाने ती ठेवावी. पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्येच बरी. बुरशीचा पांढरा-हिरवा ठिपका दिसला, हाताला चिकट लागले किंवा खवट वास आला, तर तेवढा तुकडा काढून बाकीचे वाचवू नये, सगळी बरणी टाकून द्यावी.