तुम्ही विचारलंत म्हणून: जूल असताना इलेक्ट्रॉन व्होल्ट कशाला?

फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो. परवा चतुर्थीच्या बाजारात एका विद्यार्थ्याच्या आईनेही विचारलं, "बाई, ऊर्जा जूलमध्ये मोजतात ना? मग हे दुसरं कशाला? आणि नावात व्होल्ट असून ती ऊर्जा कशी?" हातात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीचं, सामान, मागे गर्दी. धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते.

एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टच्या विभवांतरातून, म्हणजे व्होल्टेजच्या फरकातून, जाताना जेवढी ऊर्जा मिळते, ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रभार (इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार) गुणिले व्होल्ट, म्हणून ऊर्जा. जूलमध्ये ती १.६ × १०⁻¹⁹ भरते. एवढे बारीक आकडे टाळायची सोय, असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. मला ते अपुरं वाटतं. खरी गंमत अशी की मीटरवरचे व्होल्ट वाचले की एका इलेक्ट्रॉनचा हिशेब हातात येतो.

गेल्या वर्षी आमच्या माटोळीवरची एलईडीची माळ बंद पडली. त्यातला एक लाल आणि एक निळा दिवा सोडवून मी प्रयोगशाळेत नेला. खिडक्या लावल्या, रोधक जोडला आणि व्होल्टेज अगदी हळू चढवत नेलं. पावणेदोन व्होल्टच्या आसपास लाल दिव्याच्या पोटात ठिणगीएवढा उजेड दिसला. निळा ढिम्म. तो अडीचच्या आसपास जागा झाला. मग मुलांना भागाकार करायला लावला: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, की फोटॉनची, म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून निघालेल्या प्रकाशकणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. लाल ६५० धरला तर १.९, निळा ४७० धरला तर २.६. मीटर थोडं कमी दाखवतं, कारण उष्णताही इलेक्ट्रॉनला जराशी मदत करते. पण निळ्या प्रकाशाला जास्त ऊर्जा लागते हे त्या दिवशी पाठ करावं लागलं नाही. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा टेबलाभोवती येऊन वाकली होती.

हीच पट्टी पुढे फार लांब जाते. करवंटीच्या कोळशातला कार्बनचा एक अणू पूर्ण जळला की सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ लागतात. आणि युरेनियमचं एक अणुकेंद्र फुटलं की सुमारे २० कोटी.