आमची वाटचाल : पडवीतला सबक

श्रीवर्धनला आमच्या पडवीत मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, अब्बांचं मकतब भरायचं, म्हणजे पोरांना कुरआन शिकवायचा वर्ग. फी ठरलेली नसायची. पोराचा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) पुरा झाला की कुणी नारळ, कुणी सोडे आणून द्यायचं. मी आपला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात.

2020च्या टाळेबंदीत मकतब बंद पडलं. कुवेतहून आपाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला, ‘माझ्या पोरांना फोनवर शिकवा ना.’ अब्बांचा साफ नकार. कुरआन उस्तादाच्या तोंडून शागिर्दाच्या कानात जातं, मध्ये यंत्र कशाला? पण नातवंडांपुढे कोण टिकतं! जेमतेम चार सबक (धडे) झाले आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, सुपारीच्या बागा झोपल्या, वीज गेली. पुन्हा सुरुवात करायला पावसाळा सरावा लागला.

आपाच्या शेजारणींची पोरं आली, मग दोहा, मग केपटाऊन. उस्ताद-उस्तानी ठेवायचे तर पगार आला. महिन्याची फी ठरवली त्या रात्री अब्बा माझ्याशी बोलले नाहीत.

खरा घोळ आवाजाचा झाला. भाचा गुन्ना खातो, अशी अब्बांची रोजची तक्रार. नून-मीमवर नाकातला आवाज धरून ठेवायचा असतो, तो ऐकूच येईना. मी त्याच्याकडून आवाज रेकॉर्ड करून मागवला, तर गुन्ना चोख! ॲपमधली गोंगाट गाळायची सोय ती गुणगुण पंख्याची घरघर समजून कापत होती. आता नव्या पोराची पहिली दहा मिनिटं ती सोय बंद करण्यात जातात. फोनही हनुवटीच्या पातळीला ठेवायला लावतो, ओठ-जीभ दिसली पाहिजे. घशातून येणारा क़ाफ सुटला की ‘क़ल्ब’चा, म्हणजे हृदयाचा, ‘कल्ब’ होतो. आणि अरबीत कल्ब म्हणजे कुत्रा. पान नंबर सांगून मात्र चालत नाही. तिकडच्या पोरांकडे 604 पानांचा मदिनेचा मुसहफ, म्हणजे कुरआनची छापील प्रत, अब्बांकडे आपल्याकडचा जुन्या छापाचा. म्हणून सुरा (अध्याय) आणि आयत (वचन) सांगायची.

अब्बांची एक अट मी धंद्याचं नुकसान सोसूनही पाळतो: पडद्यावर पास झालेला पारा समोर बसून ऐकवल्याशिवाय पक्का धरायचा नाही. आखातातल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी, त्यामुळे ऐन पावसात पडवी भरते. केपटाऊनवाल्यांचं अजून जमलेलं नाही.

गेल्या खेपेला भाचा रेहलसमोर (कुरआन ठेवायच्या लाकडी घोडीसमोर) बसला, अम्म पाऱ्यात, म्हणजे शेवटच्या पाऱ्यात, अडखळला आणि सवयीनं अब्बांना म्हणाला, ‘नाना, आवाज कट होतोय.’