नेपल्सचा उन्हाळा, आपला हिवाळा

इटालियन भाज्या गच्चीवर लावायच्या तर आधी हंगाम समजून घ्यावा. झुकिनीच्या (भोपळ्याच्या कुळातली लांबट भाजी) परदेशी बियांच्या पाकिटावर ‘एप्रिल-मेमध्ये पेरा’ असं छापलेलं असतं. सल्ला बरोबरच आहे, पण तो इटलीतल्या नेपल्ससारख्या गावासाठी. तिथे जुलैत दुपारी ३० अंश, रात्री १९-२० आणि पाऊस जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्राकाठी पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपलं नेमकं उलटं. तसलं कोरडं, स्वच्छ ऊन पुण्याच्या गच्चीवर मिळतं ते पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात. म्हणून पेरणी ऑक्टोबरात करायची आणि मार्चचं ऊन तापायच्या आत आवरतं घ्यायचं. मुहूर्त चुकवून मग महागड्या खतांच्या मागे लागणारे पुष्कळ भेटतात.

‘त्यांच्या भाज्या’ म्हणतानाही जरा जपूनच. टोमॅटो आणि झुकिनीचे पूर्वज अमेरिकेतून तिकडे गेले, आणि वांगं तर आपल्याच बाजूने, अरबांच्या हातून पोचलं. तेव्हा रातातुईसाठी (वांगं, झुकिनी, टोमॅटोची फ्रेंच भाजी) वांग्याची वेगळी कुंडी अडवू नये. मंडईतलं भरताचं वांगं झकास चालतं.

जागा द्यायची ती झुकिनीला. एका झाडाला ३० लिटरची कुंडी, त्यात निम्मी माती, पाव भाग गांडूळखत, पाव भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बी थेट कुंडीतच, २ सेंटिमीटर खोल. मुळं दुखावलेली या झाडाला खपत नाहीत. दोन बिया टाकाव्यात आणि खरी पानं फुटली की अशक्त रोप कात्रीने कापावं, उपटू नये. साधारण दीड महिन्यात फुलं येतात आणि तिथेच घोटाळा होतो. पहिली फुलं बहुधा सगळी नर, लांब सडपातळ दांड्यावरची. ती गळून पडली म्हणून घाबरायचं कारण नाही. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या बुडाशी बोटाएवढी झुकिनी आधीच तयार दिसते. लोक तिच्याकडे बघून खूश होतात. चार दिवसांनी ती टोकाकडून पिवळी पडते, मऊ होते, सडते. मग औषध फवारलं जातं. रोग बहुतेक वेळा नसतोच. परागीभवन झालेलं नसतं.

फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटतं. पाचव्या मजल्यावर तेवढ्या वेळात मधमाशी येईलच याचा भरवसा नाही, तेव्हा तिचं काम आपण करायचं. नर फूल तोडून पाकळ्या सोलून टाका. मधे पिवळी पूड लागलेला एक खुंट उरतो. तो मादी फुलातल्या फुगीर, फाटे फुटलेल्या भागावर सगळीकडून हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. मग फळाला कागदी पिशवी घाला, नाहीतर फळमाशी टोचून जाते. पाच-सहा दिवसांत फळ १५-२० सेंटिमीटरचं होतं, तेव्हाच काढावं. ‘अजून थोडं वाढू दे’ म्हटलं की त्याचा दुधी होतो, बिया निबर होतात आणि झाड नवी फळं धरायला कुचराई करतं.

पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येतेच. एक भाग दूध नऊ भाग पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात फवारलं तर ती आटोक्यात राहते, पण पानं पांढरी व्हायच्या आधी सुरुवात हवी. उरलेली नर फुलं टाकू नका. रोममध्ये त्यांत मोझरेला चीज आणि खारवलेल्या अँचोव्ही माशाचा तुकडा भरून, पातळ पिठात बुडवून तळतात. आपली भोपळ्याच्या फुलांची भजीही काही कमी नाही. फक्त तळण्याआधी आत मुंग्या नाहीत ना ते बघा!

टोमॅटोत सान मार्झानो ही जात लावावी: गर जाड, बिया कमी, त्यामुळे सॉस लवकर आटतो. वेसुव्हियस ज्वालामुखीजवळच्या सार्नो नदीच्या खोऱ्यात पिकलेल्याला १९९६ पासून युरोपचं संरक्षित नाव आहे; आपल्या कुंडीतला तो नुसता त्या जातीचा. झाड सहा फूट उंच जातं, म्हणून काठीचा आधार आणि पानांच्या बगलेतले फुटवे खुडणं आलंच. या लांबट जातीला बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग हमखास पडतो. कॅल्शियम कमी पडतं म्हणून लोक अंड्याची टरफलं घालतात, जी कुजायला कित्येक महिने लागतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतं; ते फळापर्यंत पाण्याबरोबर जातं आणि पाणी एक दिवस भसाभस, दोन दिवस ठणठणीत असं असतं. कुंडी २५ लिटरच्या खाली नको, वर दोन इंच वाळल्या पानांचं आच्छादन आणि पाणी नेमाने.

रोझमेरी या सुगंधी झुडपाचं थोडक्यात: माती अर्धी वाळू, पाणी कमी, आणि जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली. मुळांशी पाणी साचलं की ती आधी मरते आणि आपल्याला नंतर कळतं.

बेसिल मात्र आपल्या घरातलंच; फालुद्यातला सब्जा त्याच जातीचं बी. इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या प्रा भागात पेस्तोसाठी (बेसिलची हिरवी चटणी) कोवळी रोपं मुळासकट उपटतात, कारण झाड जून झालं की वास उग्र होतो. म्हणून मोठं झुडूप वाढवण्यापेक्षा उथळ ट्रेमध्ये दाट पेरून वीतभर उंचीला कापणं उत्तम. ५० ग्रॅम पानांना लसणाच्या दोन पाकळ्या, मोठा चमचाभर चिलगोजे, सहा चमचे पार्मिजानो आणि दोन चमचे पेकोरिनो (दोन्ही किसलेली चीज), जाडं मीठ आणि अर्धी वाटी ऑलिव्ह तेल. चिलगोजे परवडत नसतील तर काजू घ्या. दगडी खल नसेल तर मिक्सरचं भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि थांबून थांबून फिरवा. गरम झालं की पानं काळवंडतात.