बिनगाठींची गुढी

२४ मार्च २०२०. रात्री आठला पंतप्रधानांनी २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला आणि आई पहिलं काय म्हणाली? "अगं, उद्या पाडवा! गाठी राहिल्या." खाली वाण्याकडे तोवर ही झुंबड. अंतर ठेवतंय कोण! मी रिकाम्या हाताने परतले.

सकाळी गाठींऐवजी खडीसाखरेची पुडी दोऱ्याने बांधली. कडुलिंब सोसायटीतलाच. ओट्यावर दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन निथळत ठेवलेल्या. हे आमचं नवं सोवळं.

प्रसाद खाताना बाबांना ठसका लागला. आम्ही दोघी एकदम गप्प.

"अगं, कडुलिंब अडकला घशात!" ते वैतागले.

आईने तरी थर्मामीटर आणलाच. ९८.४. मग कुठे शिरा वाढला. श्रीखंड कुठलं मिळायला!